कावीळ गेली, विषाणू कुठे गेला?

यकृत पूर्ण काढून टाकले, त्या जागी दुसऱ्याचे निरोगी यकृत बसवले, आणि काही महिन्यांत नव्या यकृतातही जुनाच विषाणू दिसू लागला. हिपॅटायटिस बी झालेल्यांवर यकृत-प्रत्यारोपण होऊ लागले त्या सुरुवातीच्या काळात दहातल्या आठेक रुग्णांचे असे होत असे. ज्या अवयवाला विषाणूचे घर म्हणायचे तोच शरीराबाहेर गेलेला. मग विषाणू आला कुठून? उत्तर एकाच दिशेला बोट दाखवत होते: रक्त. पण रक्तात तो नुसता वाहत होता, की रक्तातल्या पेशींमध्ये ठाण मांडून बसला होता, यावर गेली काही दशके शास्त्रज्ञांत वाद चालू आहे.

या वादाबद्दलचे माझे मत सुरुवातीलाच सांगतो. हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी या दोन्ही विषाणूंच्या खुणा रक्ताच्या पांढऱ्या पेशींत सापडतात, हे खरे. पण दोन्हींच्या खुणांना सारखे वजन देणे चूक आहे. बी बरा झाल्यासारखा वाटला तरी शरीरात दडून राहतो, आणि त्याची मुख्य जागा यकृतच असते. सी औषधाने गेला की बहुतेक कायमचा जातो. या दोघांची गल्लत झाल्यामुळे सीमधून बरे झालेले लोक विनाकारण धास्तावलेले दिसतात आणि बी होऊन गेलेले लोक निर्धास्त. खरे तर उलट व्हायला हवे.

सुरतेत हा प्रश्न केवळ पुस्तकातला नाही. अवयवदानात या शहराने नाव कमावले आहे. 'डोनेट लाइफ' या संस्थेने रुग्णांच्या नातेवाइकांची समजूत घालून दान घडवून आणले, ग्रीन कॉरिडॉर करून इथून यकृते आणि हृदये दुसऱ्या शहरांत गेली, आणि आता शहरातल्या किरण हॉस्पिटलमध्येही प्रत्यारोपणे होतात. रक्तदानाची परंपरा त्याहून जुनी. सुरत रक्तदान केंद्र आणि वराछ्यातले लोकसमर्पण ही नावे इथल्या कुणालाही सांगावी लागत नाहीत. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली लाखो खानदेशी माणसे राहतात. लूमवर, डाइंग मिलमध्ये राबणारी ही माणसे रक्तदान शिबिरात रांग लावतात, आणि बऱ्याच जणांना आपल्या अंगात बी किंवा सी आहे हे पहिल्यांदा कळते ते रक्तपेढीतून बोलावणे आल्यावर. नवापूरकडच्या माणसाला मोठ्या दवाखान्यासाठी नाशिक-पुण्यापेक्षा सुरत जवळची. दक्षिण गुजरात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे, वलसाड रक्तदान केंद्राने त्यावर अनेक वर्षे काम केले आहे. सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या मुलांना पुन्हा पुन्हा रक्त चढवावे लागते. दुसऱ्याच्या रक्तात काय लपले आहे, हा त्या मुलांच्या आईबापांसाठी जिवाचा प्रश्न आहे.

बी विषाणूचा शोधच मुळी रक्तात लागला. बरुख ब्लूमबर्ग हे अमेरिकन संशोधक माणसामाणसांतले रक्तातले फरक शोधत होते, काविळीचा त्यांच्या डोक्यात विचारही नव्हता. पुष्कळदा रक्त चढवलेल्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तद्रवाची ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्ताशी प्रक्रिया झाली, आणि १९६५ मध्ये 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' जगापुढे आला. तोच आजचा एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचे प्रथिन. ब्लूमबर्ग यांना १९७६ चे नोबेल मिळाले. सीचेही तसेच. १९८९ मध्ये मायकेल हॉटन आणि सहकाऱ्यांनी तो शोधला तो लागण झालेल्या चिंपांझीच्या रक्तद्रवातून, विषाणू डोळ्यांनी न पाहता, त्याच्या जनुकाचा तुकडा पकडून. हार्वी ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना त्यासाठी २०२० चे नोबेल मिळाले.

रक्तातला हा साठा किती मोठा असतो याची कल्पना आकड्यांशिवाय येत नाही. जोरात लागण असलेल्या माणसाच्या रक्ताच्या एका मिलिलीटरमध्ये बीचे १०० कोटी किंवा त्याहून जास्त विषाणू असू शकतात. म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या, एका मायक्रोलीटरच्या थेंबात १० लाख. शिवाय विषाणूचे रिकामे कवच, ज्याच्या आत जनुक नसतो, खऱ्या विषाणूंच्या हजारपट ते लाखपट असते. शरीराची प्रतिपिंडे या रिकाम्या कवचांवर खर्ची पडतात आणि खरा विषाणू निसटतो. १९९६ ते १९९८ या काळात औषधे देऊन विषाणूचे प्रमाण किती वेगाने घटते हे मोजले गेले. बीचा रक्तातला अर्धा साठा साधारण एका दिवसात नाहीसा होतो, सीचा अवघ्या तीन तासांत. तरीही प्रमाण वर्षानुवर्षे तेवढेच राहते, कारण शरीर दररोज बीचे सुमारे दहा हजार कोटी आणि सीचे सुमारे एक लाख कोटी नवे विषाणू तयार करते. टाकीत पाणी सोडणारी तोटी आणि खालचे भोक दोन्ही सतत उघडी असताना पाण्याची पातळी हलत नाही म्हणून पाणी साचलेले आहे असे वाटावे, तसा हा प्रकार. रक्तद्रवातला विषाणू 'टिकत' नाही, तो अखंड नव्याने येत असतो.

म्हणून खरा प्रश्न तोटीचा आहे. ती एकच आहे का?

बीच्या बाबतीत शंका आली ती अमेरिकेतल्या वुडचक या खारीच्या कुळातल्या प्राण्यामुळे. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातल्या वुडचकांना यकृताचा कर्करोग होतो हे लक्षात आले आणि १९७८ मध्ये त्यांच्यात बीचा सख्खा भाऊ शोभेल असा विषाणू सापडला. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचे टोमाझ मिखालाक यांनी पुढे या प्राण्यांवर वर्षानुवर्षे काम केले. आजार पूर्ण बरा झालेल्या वुडचकांच्या पांढऱ्या पेशींत विषाणूचा जनुक आयुष्यभर सापडत राहिला, त्याची नक्कल होत असल्याच्या खुणाही मिळाल्या. फार थोडे, हजाराच्या आतले विषाणू टोचले तर यकृताला न शिवता लागण फक्त रोगप्रतिकारक पेशींतच झाल्याचे त्यांनी दाखवले. हा पुरावा मला भक्कम वाटतो. पण तो वुडचकचा आहे.

माणसाच्या बाबतीत चित्र एवढे स्वच्छ नाही. बी झालेल्यांच्या पांढऱ्या पेशींत विषाणूचे डीएनए सापडते, त्यात वाद नाही. वाद आहे तो अर्थ लावण्यात. रक्तात कोट्यवधी विषाणू तरंगत असतील तर पेशीच्या अंगाला चिकटलेला विषाणू आणि पेशीच्या आत वाढणारा विषाणू यांत फरक कसा करायचा? २०१२ मध्ये बीजिंगच्या वेनहुई ली यांच्या गटाने बी विषाणू पेशीत शिरतो ते दार शोधून काढले: एनटीसीपी नावाचे, पित्ताचे क्षार आत घेणारे प्रथिन. ते यकृताच्या पेशींवर भरपूर असते, रक्तपेशींवर जवळजवळ नसते. दारच नसेल तर वस्तीला मोठी मर्यादा पडते.

सर्वांत बोलका पुरावा मात्र प्रयोगशाळेतला नाही, प्रत्यारोपणातला आहे, आणि अवयवदानाबद्दल अभिमान बाळगणाऱ्या शहराने तो नीट समजून घ्यायला हवा. बी होऊन गेलेला, रक्तात एचबीएसएजी नसलेला, फक्त विषाणूच्या गाभ्याविरुद्धचे 'कोअर' प्रतिपिंड उरलेला एखादा दाता असतो. बी कधीच न झालेल्या रुग्णाला त्याचे यकृत बसवले आणि प्रतिबंधक औषध दिले नाही, तर जवळजवळ निम्म्या रुग्णांना बीची लागण होते. मूत्रपिंड किंवा हृदय दिले तर क्वचितच होते. सगळे अवयव एकाच रक्तावर पोसलेले असतात. पांढऱ्या पेशी हाच विषाणूचा मोठा अड्डा असता तर मूत्रपिंडाबरोबरही तो एवढ्याच वेळा गेला असता. यावरून निष्कर्ष निघतो तो असा: बरे झाल्यावर बी मुख्यतः यकृतातच दडतो. तिथे पेशीच्या केंद्रात त्याचे गोलाकार, बंद कड्यासारखे डीएनए असते, ज्याला शास्त्रज्ञ सीसीसी-डीएनए म्हणतात, आणि ते आजच्या कोणत्याही औषधाला पूर्ण पुसता येत नाही. तीव्र काविळीतून बरे झालेल्यांच्या रक्तात दशकांनंतरही विषाणूचे अल्प डीएनए सापडते हे १९९६ मध्येच दाखवले गेले होते.

मग सुरुवातीच्या रुग्णांत नवे यकृत बाधले कसे? रक्तद्रवात आधीच फिरत असलेले विषाणू एकटेच त्याला पुरेसे होते. यकृताबाहेरचे थोडेफार साठे मदत करत असतील, तसे असण्याची शक्यता मी नाकारत नाही. पुढे प्रतिपिंडांची इंजेक्शने आणि विषाणूविरोधी गोळ्या एकत्र देण्याची पद्धत आली आणि अशी पुनर्लागण दहा टक्क्यांच्या खाली आली. औषधे थांबवली की काही जणांत विषाणू परत दिसतो, ही मात्र विषाणू रक्तपेशींत दडतो असे म्हणणाऱ्यांच्या बाजूची खरीखुरी जमेची गोष्ट आहे.

शास्त्रज्ञांनी या दडलेल्या अवस्थेला 'गुप्त हिपॅटायटिस बी' म्हटले, आणि २००८ मध्ये इटलीतल्या ताओर्मिना इथे जमून तिची व्याख्या ठरवली: यकृतात विषाणूचे डीएनए आहे, पण रक्तातली एचबीएसएजी चाचणी नकारात्मक आहे. ही गुप्तता एरवी निरुपद्रवी असते. पण कर्करोगासाठी रिटुक्सिमॅबसारखे औषध दिले, जे बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींचा नायनाट करते, तर शरीराचा पहारा सुटतो आणि विषाणू उसळतो. जुनी कावीळ माणूस विसरून गेलेला असतो, आणि कर्करोग आटोक्यात येत असतानाच यकृत निकामी होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये या औषधावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. हे मृत्यू टाळता येण्यासारखे असतात म्हणून त्यांचा मला फार संताप येतो. केमोथेरपीच्या आधी एचबीएसएजीबरोबर कोअर प्रतिपिंडाची एक चाचणी आणि गरज पडली तर रोजची एक गोळी, एवढेच लागते.

आपल्याकडे काविळीची माळ गळ्यात घालतात, भुईआवळीचा रस पितात. १९८८ मध्ये मद्रासच्या त्यागराजन यांनी भुईआवळीने अर्ध्याहून अधिक वाहकांच्या रक्तातला एचबीएसएजी गेल्याचे 'लॅन्सेट'मध्ये छापले, तेव्हा जगभर खळबळ झाली. नंतरच्या चाचण्यांत तो परिणाम पुन्हा दिसला नाही. मुळात एचबीएसएजी गेला म्हणजे विषाणू गेला असे होत नाही, हे वर सांगितलेच आहे.

आता सी. त्याच्याबद्दलचा गोंधळ २००४ पासूनचा. त्या वर्षी स्पेनच्या एका गटाने, कारण न सापडता यकृताच्या चाचण्या बिघडलेल्या १०० रुग्णांचे यकृत तपासले. रक्तात सी नव्हता, पण ५७ जणांच्या यकृतात त्याचे आरएनए मिळाले, आणि त्यातल्या ४० जणांच्या पांढऱ्या पेशींतही. त्याच वर्षी मिखालाक यांच्या गटाने औषधाने किंवा आपोआप बरे झालेल्यांच्या पेशींत सी टिकल्याचे सांगितले. डायलिसिसवरच्या रुग्णांतही 'गुप्त सी' सापडल्याचे अहवाल आले. बातमी झपाट्याने पसरली. मात्र इतर अनेक प्रयोगशाळांनी तेच तपासले तेव्हा एवढे प्रमाण त्यांना सापडले नाही. अतिसंवेदनशील चाचणीत दूषिततेचा एक कणही खोटा होकार देऊ शकतो. आणि सीला वाढायला यकृतात विपुल असणारा मायआर-१२२ नावाचा चिमुकला आरएनए लागतो, जो रक्तपेशींत फारसा नसतो.

सीचे रक्तपेशींशी काहीच नाते नाही असे मात्र नव्हे. तो चरबीच्या कणांशी जोडून घेऊन रक्तात फिरतो, त्यामुळे प्रतिपिंडांच्या तावडीतून सुटतो. बी-पेशींना तो सतत चिथावत राहतो. त्यातून काही रुग्णांच्या रक्तात थंडीने गोठणारी प्रथिने तयार होतात, पायांवर जांभळे ठिपके येतात, मूत्रपिंड बिघडते, क्वचित लिंफोमा होतो. २००२ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी सी असलेल्या, प्लीहेचा एका जातीचा लिंफोमा झालेल्या नऊ रुग्णांना केवळ विषाणूचे औषध दिले. सात जणांचा लिंफोमा मागे हटला. विषाणू हटला आणि पेशी शांत झाल्या. पेशी बिथरवण्यासाठी तिच्या आत कायम राहावे लागत नाही, हा त्यातून मिळणारा मोठा धडा.

माझ्यासाठी निर्णायक ठरते ती एक तुलना. बी होऊन गेलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती औषधाने दाबली की बी उसळतो. सीतून बरे झालेल्यांनाही मूत्रपिंड प्रत्यारोपण होते, केमोथेरपी होते, तशीच दाबणारी औषधे मिळतात. त्यांच्यात सी सहसा परत येत नाही. उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी रक्तात विषाणू नसेल तर पुढे तो परतण्याचे प्रमाण एका टक्क्याहून कमी आहे, आणि परतलेल्यांतही बरेचदा नवी लागण झालेली असते. पेशींत उरलेले तुटके आरएनए कुणाला सापडले तरी त्याला आजार म्हणणे योग्य नाही. सीच्या गोळ्या घेऊन बऱ्या झालेल्या लूम कामगाराला 'अजून रक्तात असेल' असे सांगून घाबरवू नये. अपवाद एकच: सीच्या नव्या गोळ्या सुरू करताना बी दडलेला असेल तर तो उसळू शकतो. तोही इशारा २०१६ पासून या गोळ्यांवर आहे.

हिपॅटायटिस ए आणि ई यांच्याबद्दल थोडक्यात. ते पाण्यातून येतात, काही आठवडे रक्तात राहतात आणि जातात. रक्तात असताना ते पेशीच्या पटलाचा एक तुकडा पांघरतात, विष्ठेत मात्र उघडे असतात, हे ताजे आणि विलक्षण निरीक्षण आहे. दिल्लीची १९५५-५६ ची, अहमदाबादची १९७५-७६ ची साथ ए-ची नव्हती, हे जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून १९८० मध्ये सिद्ध झाले आणि त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा वाटा होता. १९८१ मध्ये कोल्हापूरलाही अशीच, म्हणजे ई-ची, साथ आली. त्याच संस्थेच्या डॉ. विद्या अरणकल्ले यांनी १९९९-२००० च्या सुमारास ई रक्त चढवण्यातूनही जाऊ शकतो का, याचा शोध घेतला. अवयव-प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांत ई दीर्घकाळ टिकल्याचे फ्रान्समधून २००८ मध्ये कळले, पण तो जनुकप्रकार तीन. भारतात माणसांत आढळणारा प्रकार एक तसा टिकत असल्याचे दिसलेले नाही.

रक्तपेढीत या सगळ्याचा अर्थ काय होतो? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये 'कॉमन कॉज' खटल्यात आदेश दिला आणि १९९८ पासून पैसे घेऊन रक्त विकणारे व्यावसायिक रक्तदाते बंद झाले. सीची चाचणी २००१ मध्ये सक्तीची झाली. तरी चाचणी आणि लागण यांच्यामध्ये एक रिकामा काळ उरतोच. सीची प्रतिपिंडे दिसायला दोनेक महिने लागू शकतात. विषाणूचा जनुकच शोधणारी नॅट चाचणी तो काळ दहाएक दिवसांवर आणते. २००८ मध्ये छापलेल्या भारतीय अभ्यासात १२,२२४ रक्तनमुन्यांपैकी आठ नमुने नेहमीच्या चाचण्यांतून सुटून नॅटमध्ये पकडले गेले. त्यातले सहा बीचे होते. एकूण आठ म्हणजे दीड हजारांत एक. तरी नॅट आपल्याकडे अजून सक्तीची नाही, काही रक्तपेढ्या स्वतःहून करतात, बाकीच्या खर्चामुळे थांबतात. प्रत्येक दात्याची कोअर प्रतिपिंडाची चाचणी करून होकारार्थी आलेल्यांना नाकारावे, हा पर्याय भारतात परवडणारा नाही, कारण त्यात इतके निरोगी दाते बाद होतील की रक्तच मिळणार नाही. म्हणून निदान सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या मुलांना दिले जाणारे रक्त तरी नॅट तपासलेले असावे, असे मला ठामपणे वाटते.

पण गुजरातमध्ये बीने सर्वांत भीषण रूप दाखवले ते रक्तपेढीत नाही, सुईत. फेब्रुवारी २००९ मध्ये तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या, आता अरवल्लीत असलेल्या मोडासा गावात बीची साथ आली. शेकडो लोक आजारी पडले, अनेक दगावले. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासात दोन गोष्टी पुढे आल्या: नीट निर्जंतुक न केलेल्या, पुन्हा वापरलेल्या सुया, आणि जनुकाच्या प्रीकोअर व बेसल कोअर प्रमोटर या भागांत बदल झालेला विषाणू. बी शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात सात दिवस जिवंत राहतो, सी सिरिंजमध्ये त्याहूनही जास्त. यकृताबाहेरच्या साठ्यावर एवढी चर्चा होते, पण माणसाबाहेरचा हा साठा, सिरिंजच्या टोकातला, माणसे मारतो. कामगार वस्तीत थकवा आला की दवाखान्यात जाऊन 'एक सुई मारा' म्हणण्याची सवय अजून गेलेली नाही. ती गेली पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात बी असलेले सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सी असलेले ५५ लाख लोक होते. यातले बहुतेक जण आपल्याला काही झाले आहे हे जाणत नाहीत. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात दोन्हींची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांवर मोफत आहेत. सीचा उपचार बहुतेकांना १२ आठवड्यांचा असतो. बीची गोळी लागली तर अनेकदा कायमची असते आणि ती मनाने बंद करणे धोक्याचे.

म्हणून वाचकांना विनंती आहे. सीतून बरे झाला असाल तर १२ आठवड्यांनंतरचा रिपोर्ट जपून ठेवा आणि निश्चिंत राहा. बी कधीही होऊन गेला असेल, तर कर्करोगाचे, संधिवाताचे किंवा प्रत्यारोपणाचे औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते सांगा आणि कोअर प्रतिपिंडाची चाचणी मागून घ्या. घरात बाळ येणार असेल तर जन्मापासून २४ तासांच्या आत बीची लस टोचली जाईल हे पाहा. ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळते.